देवाची मूठ

जीपचा हॉर्न वाजला तेव्हा मी बाजाची पेटी वाजवत होतो आणि बायका रांगेनं कणगीकडं चालल्या होत्या.

एकाहत्तर सालचा डिसेंबर, रविवार सकाळ. लढाई सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. आमचं शेरतळं नगर जिल्ह्यातलं, कोरडवाहू. गावाच्या खालच्या अंगाला आमची तीस ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं चर्च. मी तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होतो, मंडळीचा चिटणीसही होतो आणि रविवारी पेटीही वाजवायचो. सव्वीस वर्षांचा होतो. गावात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही असं वाटायचं ते वय.

आमच्या मंडळीत एक चाल होती. बाई दळायला बसली की जात्यात दाण्यांची वैरण टाकायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची. ती देवाची मूठ. रविवारी अर्पणाचं गीत सुरू झालं की प्रत्येकीनं ती मूठ झाकूनच आणायची आणि कणगीत सोडायची. कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं असे, मधोमध फक्त एक कापडाची बाही बसवलेली. कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठ उघडायची, हात बाहेर. कुणाच्या मुठीत किती होतं ते शेजारणीलाही कळायचं नाही. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हाताला कळू नये अशी शिकवणच आहे आमची. नडलेल्या वर्षी पंच ठरवतील त्या दिवशी कणगीचं खालचं तोंड फोडायचं आणि गावात ज्याची चूल विझली असेल त्याला द्यायचं. तो ख्रिस्ती आहे का मराठा का रामोशी, हे विचारायचं नाही.

त्या साली पाऊस धड पडला नव्हता. रब्बीची ज्वारी वीतभर येऊन पिवळी पडली होती. पण आधीची दोन वर्षं कणगी उघडावी लागली नव्हती, म्हणून ती गच्च भरली होती. तेवढाच सगळ्यांना धीर होता.

जीपमधून तालुक्याचे तिघंजण उतरले. जवानांसाठी धान्य गोळा करत गावोगाव फिरत होते. त्यातले पुढारी भले गृहस्थ होते, बाहेर जोडे काढून आत आले, हात जोडले.

"मंडळी, सगळ्या समाजांनी दिलंय. तुमच्याकडंही साठा आहे म्हणून कळलं. सक्ती नाही, बरं का."

सक्ती नव्हतीच. पण आदल्या दिवशीचं माझ्या डोक्यात होतं. एसटी स्टँडवरच्या हाटेलात रेडिओ लागला होता, अमेरिकेचं आरमार आपल्याकडं निघालंय अशी बातमी होती. चहा पिणाऱ्यातला एकजण माझ्याकडं वळून म्हणाला, "काय मास्तर, तुमचे पाहुणे निघाले म्हणं बोटीत बसून. घर सारवून ठेवा." सगळे खो खो हसले. मीही हसलो. अहो, हसण्याशिवाय करणार काय? पण रात्रभर तळमळलो. आमच्या चार पिढ्या याच मातीत राबल्या आणि मेल्या, अमेरिका आम्ही भिंतीवरच्या नकाशात बघितलेली, आणि आम्ही तिचे पाहुणे!

म्हणून पुढारी बोलायचे थांबले तसा मी पेटी सोडून उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. ते भाषण मला अजून पाठ आहे आणि तेच माझं दुखणं आहे. देश राहिला तर मंडळी राहील, असं म्हणालो. आपले जवान बर्फात उभे आहेत आणि आपण कणगीवर बसून राहायचं का, असं म्हणालो. उद्या कुणी बोट दाखवायला नको, असंही म्हणालो. खरं तेवढं शेवटचंच होतं. बाप्यांनी माना डोलावल्या. त्यांनाही कुठं ना कुठं कुणी ना कुणी 'पाहुणे' म्हणालेलं असणारच.

आमचे पाळक नथानिएल आढाव तेव्हा साठीचे होते. किरकोळ अंगाचे, आवाज बारीक. ते वेदीजवळून दोन पावलं पुढं आले.

"मास्तर, बसा," म्हणाले. "मला बोलू द्या."

मी बसलो नाही.

"मी ब्रह्मदेशच्या लढाईत स्ट्रेचर उचलायला होतो," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक आहे ते. एक गोष्ट कधी सांगितली नाही, ती सांगतो. एका झाडाखाली एक जपानी पडलेला होता. पोरगंच, मिसरूड फुटलेलं नव्हतं. त्याला कुठं लागलंय ते मी बघत होतो. कुठंच लागलेलं नव्हतं. मूठ तेवढी आवळलेली होती. मी ती सोडवली. आत कच्चे तांदूळ होते, चिमूटभर. तो गोळीनं मेला नव्हता, मंडळी. भुकेनं मेला होता, आणि तेवढे दाणे पुढच्यासाठी राखून मेला होता."



"लढाईला काय कमी आहे? लढाईला ट्रक मिळतात, जीप मिळते, बँड मिळतो. सगळा देश तिच्या मागं उभा राहतो. भूक आली म्हणजे तिच्याशी लढायला कोण येतं? कुणी जीप घेऊन येतं का? यंदा ती येणार आहे. रान बघताय ना तुम्ही? तिच्याशी लढायला आपल्याकडं ही एवढी कणगी आहे, दुसरं काही नाही. आणि शेवटी प्रभू आपल्याला विचारणार आहे ते, मी भुकेला होतो तेव्हा तू काय केलंस. कुठली लढाई जिंकलास, असं तो विचारणार नाही."

"म्हणजे जवानांनी उपाशी राहायचं?" मी म्हणालो.

"जवानांना सरकार जेवायला घालतं. घालावंच. शेरतळ्याच्या पोरांना कोण घालणार?"

"पाळकसाहेब, तुम्हाला कुणी स्टँडवर गाठून विचारत नाही, तुमचा देश कुठला म्हणून. आम्हाला विचारतात!"

हे मी फार मोठ्यानं बोललो. पुढारी शरमून खाली बघायला लागले. ते म्हणाले, "तसं काही नाही हो, मास्तर." पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी थोरली बहीण उठली. सालोमीअक्का. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं होतं. कडेवर तिची लेक सुवार्ता, चार वर्षांची. आम्ही सुवी म्हणायचो. काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. माझ्या पेटीचा भाता मारायला तिला फार आवडायचं.

"मूठ बायकांची हाय," अक्का म्हणाली. "बायकांना इचारा की."

पुरुषांत खसखस पिकली. आमच्यात पंच म्हणजे बाप्येच. बायकांनी मूठ घालायची, हात वर करायचा तो पुरुषांनी. आणि तिचा भाऊ म्हणून मलाच लाज वाटली.

"अक्का, खाली बस," मी म्हणालो.

ती बसली. माझं ऐकायची तिला सवय होती. मी शिकलो म्हणून तिला माझा भारी अभिमान होता.

हात वर झाले. पाळकसाहेबांचा तेवढा खाली राहिला. ते म्हणाले, "मी दार अडवणार नाही. पण मला हे पटत नाही, एवढं चोपडीत लिहा." मी ते लिहिलं नाही.

सहा पोती निघाली. तोंडं शिवून मी स्वतः एक पोतं पाठीवर घेऊन जीपमागं आलेल्या ट्रकपर्यंत नेलं. गावातली माणसं जमली होती. टाळ्या वाजल्या. स्टँडवर पाहुणे म्हणणारा गडीही होता, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. आपण कुणाचे तरी झालो असं वाटलं.

गुरुवारी लढाई संपली. आपण जिंकलो. मी शाळेत पेढे वाटले. आमची पोती कुठवर गेली, कुणी खाल्ली, ते मला आजवर कळलेलं नाही. फेब्रुवारीत एक छापील आभारपत्र आलं, ते मी काचेत घालून कणगीच्या वर टांगलं.

कणगी रिकामी झाली याची टोचणी मला होतीच. त्यावर मी उपाय काढला. पंचांच्या बैठकीत ठराव मांडला: यंदा प्रत्येक बाईनं एकाऐवजी दोन मुठी घालायच्या, आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारपर्यंत कणगी कुणासाठी म्हणून फोडायची नाही. तोवर दीड-दोन पोती साठतील, मग सगळ्यांना एकदम वाटता येईल. कागदावर हिशेब अगदी चोख होता. बायकांना यावेळीही कुणी विचारलं नाही. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "मास्तर, दोन मुठी आणायच्या कुठून त्यांनी?"

"श्रद्धेनं," मी म्हणालो.

आता ऐंशीला टेकलोय मी. तो शब्द उच्चारताना अजून जीभ अडखळते.

होळीपर्यंत घरातल्या ज्वारीनं तळ गाठला. बाजारात पैसे घेऊन गेलं तरी दाणा दिसेना. रेशनला मिलो यायची, तांबडी परदेशी ज्वारी, कधी यायची कधी नाही. दुष्काळी कामं आमच्या बाजूला अजून निघायची होती. अक्काचा नवरा लाजरस ऊसतोडीला गेला होता, तो तिकडूनच कामाच्या शोधात पुढं मुंबईकडं गेला, त्याचा पत्ता नाही. मी पाळकसाहेबांच्या घरी जेवायचो. त्यांच्याकडंही एकवेळचंच झालं होतं. माझ्या वाटणीतली अर्धी भाकरी मी सुवीला नेऊन द्यायचो. रोज नाही, हेही सांगतो. कधी कधी वाटेतच खाऊन टाकायचो.

अक्काचं त्यातल्या त्यात बरं होतं असं सगळे म्हणायचे. तिची सासू अकोले तालुक्यातल्या डोंगरात राहायची. तिनं होळीला एक मोठं गाडगं भरून राळे पाठवले होते. राळे म्हणजे मोहरीएवढे पिवळे दाणे, त्याचा भात करतात. आमच्या गावात राळे कुणी पेरत नव्हतं. त्या गाडग्यावर मायलेकी चार महिने जगल्या, रानातल्या पाल्याबरोबर.

आणि दर रविवारी अर्पणाचं गीत सुरू झालं की बायका रांगेनं यायच्या. दोन्ही मुठी झाकलेल्या. एक हात बाहीत, मग दुसरा. एकही बाई चुकली नाही. मी पेटी वाजवताना बघायचो आणि मला भरून यायचं. एवढा दुष्काळ, आणि आमच्या बाया बघा! मनात म्हणायचो, आढाव पाळक, तुमच्यापेक्षा माझी श्रद्धा खरी ठरली.

जुलैत गोवराची साथ आली. सुवीला गोवर निघाला आणि जिरला, पण पोर उठेना. जुलाब लागले. मी तिला खांद्यावर घेऊन चार कोसांवरच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडर ओळखीचा होता. त्यानं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"मास्तर, औषध कसलं देऊ?" तो म्हणाला. "हिला पेज पाजा. दिवसातनं चार वेळा, थोडी थोडी. दाणा जाऊ दे पोटात. दुसरं काही नाही."

परत येताना सुवी कानाशी म्हणाली, "मामा, पेटी?"

"रविवारी," मी म्हणालो. "तू भाता मार, मी वाजवतो."

त्या संध्याकाळी अक्का चर्चमध्ये आली. मी एकटाच बसलो होतो. ती कणगीला पाठ टेकून खाली बसली.

"दानू," ती म्हणाली. मला दानेल म्हणून गाव हाक मारायचं, दानू ती एकटीच. "कणगी उघड की रं."

"अक्का, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ठरलंय."

"तवर पोर ऱ्हायला पायजे ना. लई नगं, शेरभर दे. मी मागनं फेडीन."

"फेडायचा प्रश्न नाही. ठराव मीच केलाय. आणि पहिल्यांदा फोडली ती स्वतःच्या भाचीसाठी, असं झालं तर लोक काय म्हणतील? बाकीच्यांच्या घरात काय पोरं नाहीत?"

"हायेत ना. त्यांनापण दे."

"मग ऑगस्टला काय वाटू?"

 मग म्हणाली, "माझ्या गाडग्यात आता रविवारचं तेवढं राह्यलंय. दोन मुठी. ते शिजवू का तिला?"

मी काय सांगायला पाहिजे होतं ते दगडालाही कळेल. पण मी मंडळीचा चिटणीस होतो. माझी बहीण रिकाम्या हातानं आली तर बाकीच्या बायकांना काय तोंड दाखवू, असं मला वाटलं. बाकीच्या बिचाऱ्या उपाशी राहून दोन-दोन मुठी आणतात, आणि हिच्याकडं सासूचं गाडगं असून ही आणत नाही!

"देवाचं आधी घाल, अक्का," मी म्हणालो. "त्याचं मोडू नये. तो कमी पडू देत नाही. तीनच रविवार राहिलेत."

"तू म्हणतोस तर तसं," ती म्हणाली आणि उठली. कणगीवर हात फिरवून गेली. भरलेल्या घागरीवरून बाया फिरवतात तसा.

सुवी शुक्रवारी पहाटे गेली. अक्का तिला पाण्यात कालवलेलं मिलोचं पीठ पाजत होती, कुणाकडून तरी वाटीभर मागून आणलेलं. दोन चमचे गेले, तिसरा ओठाबाहेर आला. शनिवारी आम्ही तिला पुरलं. पेटी छोटी होती, बाकाच्या फळ्यांची. शाळेतला एक बाक मीच मोडून दिला.

रविवारी अक्का चर्चला आली. मला वाटलं नव्हतं येईल. डोक्यावरून पदर, दोन्ही मुठी पदराखाली.

अर्पणाची वेळ झाली. मी भात्याला हात घातला, पहिली ओळ काढली, बायका उठल्या. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, पेटी थांबवा."

"काय झालं?"

"आज गाणं नको. सगळ्यांनी गप्प बसा. मूठ तेवढी घाला."

त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला वाटलं, पोरीचं सुतक पाळतायत. मी पेटी मिटली.

सगळ्यांत पुढं पाळकीणबाई होत्या. त्या कणगीपाशी गेल्या, बाहीत हात घातला. मी वाट बघत राहिलो. काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी दुसरा हात घातला. पुन्हा काही नाही. दाणे पडले की सर्र असा आवाज होतो, तो इतकी वर्षं गाण्याखाली बुडून जायचा. त्या दिवशी गाणं नव्हतं, आणि आवाजही नव्हता. पाळकीणबाई वळल्या आणि दोन्ही तळवे उघडून मंडळीसमोर धरले. कोरडे होते.

"चैत्रापासून," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी एकटीच. एवढ्या सगळ्या घालतात, आपल्या एका मुठीनं काय होतंय. काल त्या पोरीला पुरून आल्यावर मला राहवलं नाही. यांना सांगितलं."

मागची बाई जागची हलेना. मग ती पुढं झाली, बाहीत हात घातला. काही नाही. तिनंही तळवे उघडले. मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. एक म्हातारी हात घालायच्या आधीच मटकन खाली बसली आणि कपाळ बडवायला लागली. तीस घरांतल्या बाया चार-चार महिने रिकाम्या मुठी आवळून येत होत्या. घरात दाणा नाही हे चारचौघींत दिसू नये म्हणून. जिच्या तिच्या मनात हेच, की मी एकटीच खोटी, बाकीच्यांची मूठ खरी आहे, कणगी भरतेय. आणि कणगी भरतेय म्हणून प्रत्येक घर ऑगस्टच्या त्या रविवारकडं डोळे लावून दिवस काढत होतं. मी नुसती थापटून बघितली असती तरी कळलं असतं. कधी थापटली नाही.

शेवटी अक्का आली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. तिनं काही ऐकलं होतं की नाही, देव जाणे. उजवा हात बाहीत घातला.

सर्र.

आवाज खोल गेला, अगदी तळाशी. मग तिनं डावा हात घातला. पुन्हा सर्र.

पाळकसाहेबांनी पहार घेतली आणि कणगीचं खालचं तोंड फोडलं. आधी थोडी ज्वारी आली, जानेवारी-फेब्रुवारीतली, किडा लागून पोकळ झालेली. त्यावर पिवळे राळे. फक्त राळे. राळ्यांचा लहानसा ढीग झाला, एका घमेल्यात मावेल एवढा. त्यात मिलोचा तांबडा दाणा नव्हता, दुसऱ्या कुणाचा कसला दाणा नव्हता. राळे सगळ्या गावात एकाच घरात होते. माझ्या एकट्या बहिणीनं माझं ऐकलं होतं. दर रविवारी दोन मुठी. सुवीच्या पेजेला महिनाभर पुरले असते.

पाळकसाहेब गुडघ्यांवर बसले होते. त्यांचा बारीक आवाज फुटला. "सालोमी, पोरी, घे हे. तुझं आहे."

अक्का त्या ढिगाकडं बघत उभी राहिली.

"आता कुणाला घालू?" ती म्हणाली.

 मग ती खाली बसली. पदर खोचला. "या," म्हणाली, "एकेक जण या." आणि मूठ मूठ भरून वाटायला लागली. बायका येईनात. तेव्हा तीच ओरडली, "या की गं! तुमची तरी पोरं हायेत!" मग त्या आल्या. पदर पसरून, तोंड दुसरीकडं करून. प्रत्येकीच्या पदरात तिनं मूठ सोडली. तिच्या पोटची पोरगी गेली होती आणि वाटत तीच होती.

मी पेटीपाशीच उभा होतो. समोर कणगीच्या वर ते आभारपत्र टांगलेलं होतं. पाळकसाहेब मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. चोपडीत न लिहिलेलं त्यांचं वाक्य मला त्या दिवशी आठवलं आणि तेव्हापासून रोज आठवतं. त्यानंतर देशानं आणखी लढाया बघितल्या. दर वेळी जीप येते, दर वेळी कुणीतरी तरणा हुशार पोरगा उठून भाषण करतो. मी मागं बसलेला असतो. एकदा उठून बोललो होतो. म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणून मला खाली बसवलं.

ढीग संपत आला तशी अक्का उठली. शेवटची मूठ घेऊन माझ्यासमोर आली.

"धर."

"अक्का, मला नको. मला माफ कर."

"धर म्हणते ना. तूबी उपाशीच हायेस. दिसतंय मला." माझा हात ओढून तिनं त्यात राळे ओतले आणि माझी मूठ मिटवली. "मी आई असून तुझं ऐकलं, दानू. शिजवून घालायला पायजे होतं मी. तू शिकलेला म्हणून ऐकलं."

त्यानंतर ती मला त्यावर कधी काही बोलली नाही. आणखी एकोणतीस वर्षं जगली, माझ्या मुलांना तिनं हातांवर वाढवलं, पण चर्चमध्ये पेटी वाजायला लागली की उठून बाहेर जायची.

त्या दिवशी संध्याकाळी खालच्या अंगाला सगळ्या घरांत चुली पेटल्या. कितीतरी दिवसांनी सगळ्या एकदम. माझ्या मुठीतले राळे मी कनवटीला बांधून इकडं तिकडं हिंडलो. सुवीच्या कबरीवर नेऊन ठेवावेत असं वाटलं. पाळकीणबाईंना द्यावेत असं वाटलं. शेवटी शाळेच्या खोलीत आलो, तीन दगड मांडले आणि ते शिजवले. मीठ नव्हतं. खाली बसून एकेक शीत वेचून खाल्लं, भांडं बोटानं पुसून खाल्लं. फार भूक लागली होती.